मुलासाठी समुपदेशक बघायला गेलो

आमच्या मंडणगड तालुक्यातला माणूस रत्नागिरीला जातो तो कोर्टाच्या तारखेला, नाहीतर सिव्हिलमध्ये कुणाला ठेवलं असेल तर. मी गेलो तो मानसतज्ज्ञांच्या शिबिराला. आमच्या बौद्धवाडीतून यासाठी याआधी कुणी गेलेलं नाही, म्हणून परत आल्यावर लिहून काढतोय. माझं शिक्षण चौथी. आयुष्यभर जांभ्या चिऱ्याच्या भिंती बांधल्या. शब्द कुठे वाकडा बसला तर बसला, भिंत उभी राहिल्याशी कारण.

आधी कशाला गेलो ते सांगतो, म्हणजे पुढे कुणाला कोडं पडायला नको.

माझी बायको शेवंता गेल्या पावसात गेली. लावणी आटपली आणि ती गेली. आम्हाला एकच मुलगा, संदेश. कल्याणला लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो. तो गे आहे. तिथे प्रसाद नावाच्या मुलाबरोबर त्याचा संसार आहे. संसारच म्हणतो मी, कुणाच्या पोटात दुखायचं तर दुखू दे. शेवंताला हे कित्येक वर्षांपासून माहीत होतं. वाडीतली एक बाई संदेशसाठी भाचीचं स्थळ घेऊन आली, तेव्हा शेवंता भाकरी थापताना मान वर न करता म्हणाली, "तुझ्या भाचीचं वाटोळं करायला निघालीस, माझं काय जात नाय. चहा घेतेस?" बाई चहा न घेता गेली. पुन्हा स्थळ आलं नाही.

आई गेल्यावर संदेशची झोप उडाली. जेवण तुटलं. प्रसादने त्याला तिकडच्याच एका समुपदेशकाकडे नेलं. समुपदेशक म्हणजे औषध न देता, बोलून मन हलकं करणारा. त्या माणसाने संदेश गे आहे एवढं ऐकलं आणि आई राहिली बाजूला. लहानपणी काय झालं, वडील मारायचे का, मुलींशी का जमलं नाही, हेच सगळं. शेवटी म्हणाला, आईने मनाला लावून घेतलं असणार, आता तरी लग्न करा, त्यांच्या जिवाला शांती मिळेल.

भिंत पडली म्हणून गवंडी बोलावला आणि तो विचारतो, तुमच्या घराचं दार उत्तरेला का? असा गवंडी मी वाडीबाहेर काढला असता.

संदेश तिथून उठला तो रजा टाकून गावी आला. ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पुन्हा कुठल्याही समुपदेशकाचं तोंड बघणार नाही म्हणाला. मग प्रसादचा मला फोन. "बाबा, रत्नागिरीला जिल्ह्यातल्या समुपदेशकांचं तीन दिवसांचं शिबिर आहे. एलजीबीटी माणसं आली तर त्यांच्याशी नीट काम कसं करायचं ते शिकवणार आहेत. आईवडलांपैकी कुणीतरी बोलायला हवंय त्यांना." मी संदेशला विचारलं. तो भिंतीकडे बघूनच म्हणाला, "जा. माझं काय ते सगळं सांगा. मला फक्त ऐकवू नका."

भाषणाची मला हौस नाही. पण जिल्ह्यातले समुपदेशक एका छपराखाली बसणार होते. त्यांतला एक तरी संदेशला पाठवण्याजोगा आहे का, ते बघायचं होतं. लोक मुलासाठी मुलगी बघायला जातात. मी समुपदेशक बघायला गेलो.

रत्नागिरी, पहिला दिवस

एसटीचं सांगत नाही. हायवेची धूळ ज्याने खाल्ली त्याला ठाऊक आहे, ज्याने नाही खाल्ली त्याने खाऊ नये. चिपळूणला शेजारी एक आंबेवाले गृहस्थ येऊन बसले. "सिव्हिलला चाललाव काय?" म्हणाले.

"नाही. शिबिराला."

"डोळ्यांच्या?"

"डोळ्यांच्याच म्हणा," म्हटलं.

शिबिराचा हॉल मांडवीकडे. रत्नागिरीत उतरल्यावर मांडवीची म्हणून जी शहर बस धरली ती भाट्याची निघाली. पुलापलीकडे उतरवलं. चूक माझी, बोर्ड न वाचता चढलो. मग पूल चालत परत आलो. खाली ओहोटी लागलेली, चिखलात बायका कमरेत वाकून कालवं काढत होत्या. आमची वाडी डोंगरातली, आम्ही पाणी बघतो ते विहिरीचं, नाहीतर पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं. शेवंताचं माहेर मात्र दाभोळच्या खाडीकडचं. ती असती तर पुलावरून ओरडून विचारलं असतं, काय गो, कशी दिलीस? मी एकटा काय विचारणार. कठड्याला धरून थोडा उभा राहिलो आणि चालू लागलो.

हॉलमध्ये पोचलो तर काम सुरू झालेलं. पंचवीस-तीस माणसं, शाळांतले समुपदेशक, सरकारी दवाखान्यातले, एक-दोन डॉक्टर. शिकवणाऱ्या नंदिनी मॅडम पुण्याच्या, मानसतज्ज्ञ, केस पिकलेले, आवाज बारीक पण मागच्या खुर्चीपर्यंत जाणारा. दारावर प्रत्येकाला छातीवर लावायला चिठ्ठी देत होते. नाव लिहायचं, आणि खाली आपल्याला काय म्हणून हाक मारलेली आवडेल ते. कुणी तो, कुणी ती, कुणी ते. मी विचारलं, "काहीही लिहिलं तर चालेल?" चालेल म्हणाले. मी लिहिलं, 'अहो'. चाळीस वर्षं त्याच हाकेला ओ दिली, दुसरी मला ठाऊक नाही. वाचणारी मुलगी हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

त्या दिवशी मॅडमनी जे सांगितलं त्यातलं बरंचसं मला नवीन होतं. गे असणं हा आजार नाही हे मला माहीत होतं, पण बदलून देतो म्हणणारा डॉक्टर डॉक्टरकीच्या नियमातच बसत नाही, हे माहीत नव्हतं. पुरुषाच्या अंगात जन्मलेली बाई आणि गे पुरुष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मला तिथेच नीट कळलं. तोवर माझ्या डोक्यात दोन्हींची खिचडी होती. एकाने हात वर केला, "मॅडम, आम्हाला यातलं माहीत नसेल तर पेशंटलाच विचारलं तर?"

मॅडम म्हणाल्या, "त्याचं त्याला विचारा. पण शाळा इथे भरलीय, ती त्याच्या वेळात भरवू नका."

ही बाई मला पटली. पण ती पुण्याची, महिन्याला पुण्याला कोण जाणार. मी बाकीच्यांना न्याहाळत बसलो. पहिल्या दिवशी मनात भरले ते एक चष्मेवाले सर. नाव लिहीत नाही. बोलणं असं की तुपात बुडवलेलं. सगळी इंग्रजी नावं पाठ. माझी खुर्ची स्वतः आणून दिली, पाणी विचारलं. मी ठरवून टाकलं की माणूस मिळाला. घरी निघावं की काय असंही वाटलं.

त्यांच्या उलट देवरूखची एक मुलगी होती, अस्मिता. संदेशपेक्षा लहान असेल. दिवसभरात एकदा बोलली, तेही अडखळत. तिने विचारलं होतं, "छोट्या गावात मी त्याच्या काकालाही ओळखते. त्याने मला बाजारात बघितलं तर मी ओळख दाखवू की नको?" काही लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे पहिल्याच भेटीत त्यालाच विचारून ठेवायचं. मला तो प्रश्न बाष्कळ वाटला होता. मुलगी कच्ची आहे, असा शेरा मी मनात मारून ठेवला.

दिवस मावळायच्या आधी मिरकरवाड्याकडे एका खानावळीत जेवलो. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं घातलेली. जिभेला मुंग्या आल्या. शेवंता बांगड्याला लसूण आणि आमसूल लावायची, तिरफळ कधी नाही. वाढणाऱ्या बाईला मी तोंडावर सांगितलं, "आमच्याकडे यापेक्षा चांगलं होतं."

ती म्हणाली, "मग तिकडं जेवायचं होतं."

"करणारी गेली."

तिने ताटात आणखी एक तुकडी टाकली. मी तिरफळं बाजूला काढून सगळं संपवलं.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी नाटक. म्हणजे एकाने पेशंट व्हायचं, एकाने समुपदेशक, बाकीच्यांनी बघायचं आणि मग चुका सांगायच्या. मॅडम म्हणाल्या, वाचून पोहता येत नाही.

प्रसंग काय करायचे ते शिबिरार्थींनीच बसवले होते. चष्मेवाले सर माझ्याकडे आले. "काका, तुमच्यासाठी अगदी फिट रोल आहे. गावाकडचे वडील. मुलाला फरफटत घेऊन आलेत, ह्याला सरळ करा म्हणून. दोन-चार शिव्या घातल्यात तरी चालेल."

मी खुर्चीवरून हललो नाही. "मी तसा बाप नाही," म्हटलं.

"अहो, नाटक आहे, काका."

"नाटकातही नाही. तुम्ही म्हातारा बघितलात, खेड्यातला बघितलात आणि म्हणालात, हाच शिव्या घालणार. तुम्हाला असा बाप हवा असेल तर तुम्ही व्हा. तुमचा आवाज चांगला आहे."

सरांचे कान लाल झाले. मॅडमनी विचारलं, "मग काका, तुम्हाला कोण व्हायला आवडेल? बघत बसलात तरी चालेल."

मी म्हटलं, "मी माझा मुलगा होतो. संदेश. त्याने मला तशी मोकळीक दिलीय. आणि समुपदेशक हेच सर होऊ देत."

असं दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो. सर सावरले होते, पुन्हा तुपासारखे बोलू लागले. "या संदेश. इथे तुम्ही जसे आहात तसे बसू शकता. मोकळेपणाने बोला."

"माझी आई गेली. झोप येत नाही. मी गे आहे, प्रसादबरोबर राहतो."

"खूप धाडस केलंत हे सांगून. तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"काय?"

"की तुम्ही गे आहात."

"साहेब, माझी आई गेली."

"हो, हो, वाईट झालं. आईंना हे माहीत होतं का? त्यांचा स्वीकार होता का?"

बोलणं गोड, पण दार पुन्हा उत्तरेलाच. मी उठलो. संदेश उठला असेल तसाच उठलो असेन. सर म्हणाले, "मी तर काही वाईट बोललो नाही." खरंच नव्हते बोलले. मॅडमनी त्यांना फटकारलं नाही. एवढंच विचारलं, "ते कशासाठी आले होते?" सर थोडा वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "आई गेली म्हणून. मी गे शब्दापाशीच थांबलो." माणूस खोटा नव्हता, कबूल केलं. पण मी त्यांना मनातून खोडलं.

मॅडम म्हणाल्या, "आणखी कोण बसतंय?" मग अस्मिता आली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले.

मी पुन्हा तेच सांगितलं. आई गेली, झोप नाही, गे आहे, प्रसाद आहे.

ती म्हणाली, "वेळ जाईल तसं बरं वाटेल."

"नाही वाटत," म्हटलं.

"चुकलं माझं. मला काय माहीत तुम्हाला काय वाटेल." मग विचारलं, "घरात कोण कोण आहे?"

"बाबा गावी. कल्याणला मी आणि प्रसाद."

"प्रसाद तुमच्या आईंना काय म्हणायचे?"

हे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "आईच म्हणायचा," मी म्हटलं. "ती त्याला फोनवर कालवण शिकवायची. तो चुकला की मला ओरडायची."

"म्हणजे तुमच्या घरातल्या दोघांची आई गेली."

मी हो म्हणणार होतो. पण शेवंताच्या जलदान विधीच्या दिवशी प्रसाद घरच्यांच्या रांगेत बसला होता तो डोळ्यांपुढे आला. दोन भाऊबंद पुटपुटले होते, हा कोण म्हणून. मी म्हटलं होतं, ज्याला विचारायचंय त्याने उठून विचारावं. कुणी उठलं नव्हतं. प्रसादने ताटात पाणी ओतलं तेव्हा त्याच्या हातातला तांब्या वाजत होता. त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा सगळा वेळ संदेशकडेच बघत होतो. मला पुढे बोलता येईना. मी संदेश आहे की शेवंताचा नवरा, तेच कळेना. अस्मिता काही बोलली नाही, घाईने पाणीही दिलं नाही. बसून राहिली. माझं रडून झाल्यावर म्हणाली, "आपण थांबूया का, की अजून बसूया?"

"बसूया," म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. "माझ्या मुलाला बघशील का?"

ती घाबरली. "काका, मी अजून शिकतेय. दर महिन्याला मॅडमना विचारून काम करते."

"शिकतेयस तेच बरं."

"आणि ते मुलाने ठरवायचं, तुम्ही नाही. त्यांची इच्छा नसेल तर मी नाही बघणार."

म्हणजे मी पसंत केली आणि पोरीने उलट मलाच अट घातली. ती आपल्या समाजातली आहे का, हे एका शिबिरार्थ्याने मला नंतर कानात सांगायला घेतलं. मी त्याला थांबवलं. मी सोयरीक जमवत नव्हतो.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी माझं बोलणं. कागद नव्हता. उभा राहिलो आणि विचारा म्हटलं.

एका बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही मुलाला कसं स्वीकारलंत?"

"स्वीकारलं म्हणजे काय, पार्सल आलं होतं काय? माझाच आहे तो."

हसले सगळे. मी हसलो नाही. म्हटलं, "माझ्या बापाने बौद्ध धम्म घेतला तेव्हा गाव म्हणालं, हे कुठलं नवीन खूळ. मी तेव्हा कडेवर होतो. खूळ म्हणणाऱ्यांची मला कडेवर असल्यापासून सवय आहे. माझ्या मुलाच्या घराला तुम्ही पास करायचं की नापास, हे विचारायला मी आलेलो नाही. ते घर उभं आहे, त्याची आई ते बघून गेलेली आहे. मी सांगायला आलोय की त्या घरातसुद्धा माणसं मरतात. ताप येतो, नोकरी जाते, झोप उडते. त्यासाठी तुमच्या दारात कुणी आला तर तेवढ्यासाठी त्याला आत घ्या. तेवढं जमत नसेल तर बाहेर पाटी लावा की जमत नाही, म्हणजे माणूस फुकट खोलात जाणार नाही."

मागून एक डॉक्टर म्हणाले, "काका, लोकांना वेळ लागतो, समाज बदलायला."

"समाजाला द्या हवा तेवढा वेळ," म्हटलं. "माझा मुलगा आत्ता जेवत नाही."

खाली बसलो. टाळ्या झाल्या, त्या मला नको होत्या. चष्मेवाले सर मात्र बाहेर पायऱ्यांवर येऊन म्हणाले, "काका, कालचं माझ्या मनातून जात नाहीये." मी म्हटलं, "जाऊ देऊ नका." आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी

संदेश ओटीवरच होता. मी पाय धुतले, चहा ठेवला. ऐकवू नका म्हणाला होता, म्हणून गप्प बसलो. शेवटी त्यालाच राहवेना.

"भाषण केलंत?"

"भाषण थोडं. आधी नाटक केलं. तू झालो होतो."

तो भिंतीकडून वळला. "मी? तुम्ही कसे बोललात?"

"तुझ्यापेक्षा जास्त. तू तर काहीच बोलत नाहीस."

चहा निम्मा झाला. "मग काय विचारलं त्यांनी? पहिल्यांदा कधी कळलं, हेच ना?"

"एकाने तेच. मी उठलो. एका पोरीने विचारलं, प्रसाद तुझ्या आईला काय म्हणायचा."

संदेश कपाकडे बघत राहिला. मी ढवळाढवळ केली नाही. ते मी रत्नागिरीत शिकून आलो होतो.

"आणखी काय?"

"आणखी म्हणाली, तुझी इच्छा नसेल तर ती बघणार नाही. माझं ऐकायला तयार नाही, फार आगाऊ आहे."

फार दिवसांनी त्याचा ओठ हलला. उठून त्याने प्रसादला फोन लावला आणि परसात जाऊन बोलत राहिला. परत आला तो म्हणाला, "देवरूखला कुठून जायचं?"

देवरूख

संगमेश्वरला गाडी बदलली. देवरूखचा बाजार भरलेला, रस्त्यावर सुरणाचे गड्डे आणि फणसाचे गरे. अस्मिता एका दवाखान्याच्या माडीवर बसते. पाटीवर नुसतं नाव आणि समुपदेशन, बाकी काही नाही. संदेश जिना चढताना दोनदा थांबला. मी मागे होतो, ढकललं नाही. दारात तिने त्याला या म्हटलं, मला नाही म्हटलं. दार लागलं.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. सुनेला घेऊन आले म्हणाली, सून खाली औषधाला गेलीय. मग रीतीप्रमाणे चौकशी.

"आत कोण? मुलगा?"

"मुलगा."

"लगीन झालंय?"

"त्याचं घर आहे कल्याणला. घरात त्याचा माणूस आहे. प्रसाद नाव."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मीही नीट बघितलं. डोळे मी खाली घातले नाहीत.

"मग त्यासाठीच आणलाव काय त्याला?"

"नाही," म्हटलं. "त्याची आई गेलीय."

बाईने पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि मला बाकावर नीट जागा करून दिली.

"मग वेळ लागेल," ती म्हणाली.

"लागू दे," म्हटलं, आणि टेकून बसलो.